दूरस्थ भांडाराशी संपर्कभंग : निदानाचा एक ऐतिहासिक विचार

(१)

इ. स. १८०३ च्या सप्टेंबर महिन्यात आजच्या जालना जिल्ह्याच्या भूमीवर झालेली असईची लढाई इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. ता. २१ सप्टेंबर रोजी बदनापूर येथे आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनी निरनिराळ्या वाटांनी जाऊन ता. २४ रोजी शिंदे व भोसले यांच्या फौजेवर एकत्र हल्ला करावा, असे तेथे ठरले. शत्रूचा तळ भोकरदनास आहे, अशी हरकाऱ्यांची बातमी होती. परंतु ता. २३ रोजी वेलस्ली मुक्कामाच्या जागी पोहोचला, तेव्हा ज्या पायदळावर हल्ला करावयाचा ते अपेक्षेपेक्षा पुष्कळच जवळ, सुमारे सहा मैलांवर, असल्याचे त्यास कळले. स्टीव्हन्सन दूर होता. त्याची वाट न पाहता वेलस्लीने त्याच दिवशी लढाई दिली. ती त्याने जिंकली. मात्र त्याच्या फौजेतील दीड हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी येऊन पोहोचला.

ही चूक कोठे झाली, याचा उलगडा वेलस्लीने पुढे टॉमस मन्रो यास लिहिलेल्या पत्रात केला आहे, आणि तो मननीय आहे. हरकाऱ्यांची बातमी खोटी नव्हती. भोकरदन हे गावाचे नाव होते आणि त्या गावावरून सभोवतालच्या मुलखासही तेच नाव पडले होते. फौजेची उजवी बाजू भोकरदनास होती. डावी बाजू, म्हणजे ज्यावर हल्ला करावयाचा ते पायदळ, तेथून सहा-आठ मैलांवर असईजवळ होते. अर्थात निरोप पोहोचला, निरोप्या विश्वासू होता, नावही खरे होते. फक्त त्या नावाने नेमके कोणते ठिकाण समजावयाचे, या एका पायरीवर घोटाळा झाला. हरकाऱ्यांस लबाड ठरवून बदलले असते, तरी हा दोष दूर झाला नसता.

दूर अंतरावरील संपर्क बिघडला असता तो कोणत्या पायरीवर बिघडला हे आधी ठरवावे आणि मगच उपाय योजावा, हा या प्रसंगाचा धडा आहे. प्रस्तुत लेखात हाच धडा एका आधुनिक विषयास लावून पाहावयाचा आहे. आपल्या विभागांतील संशोधक विद्यार्थी आता मोडी कागदांची लिप्यंतरे, गावांच्या याद्या, शकावल्या यांसारखे साहित्य ‘गिट’ या प्रणालीत ठेवू लागले आहेत. आपल्या संगणकावरील भांडार दूरच्या सर्व्हरवरील भांडाराशी जुळवून घेण्यासाठी ते ‘एसएसएच’ या मार्गाचा अवलंब करतात. हा मार्ग अधूनमधून बंद पडतो. त्या वेळी जे उपाय घाईने योजले जातात, त्यांपैकी काही निष्फळ असतात आणि एक तर निश्चितपणे घातक असतो. तो कोणता व का घातक, हे समजण्यास या मार्गाचा इतिहास पाहणे अवश्य आहे.

(२)

एसएसएचच्या पूर्वीच्या काळात दूरच्या संगणकावर काम करण्याची जी साधने रूढ होती, ती विश्वासाच्या बाबतीत फार भोळी होती. ‘टेलनेट’मध्ये पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जात असे. इ. स. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून बाहेर पडलेल्या युनिक्स आवृत्तीत ‘आरलॉगिन’ व ‘आरएसएच’ ही साधने आली. त्यांत आपण ज्यांवर विश्वास ठेवतो अशा यंत्रांच्या नावांची यादी एका फाइलीत लिहून ठेवली, म्हणजे त्या यंत्रांकडून येणाऱ्यास पासवर्डही विचारला जात नसे. नाव सांगणारा तोच आहे किंवा नाही, याची शहानिशा करण्याचे खात्रीचे साधन त्यात नव्हते. नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ या नावाने प्रसिद्धीस आलेला प्रोग्राम इंटरनेटवरील हजारो संगणकांत शिरला. एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी त्याने जे मार्ग वापरले, त्यांत हा परस्परविश्वासाचा मार्गही होता.

इ. स. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी चोरून पासवर्ड टिपून घेत असल्याचे उघडकीस आले. तेथील संशोधक तातू इलोनेन याने त्यावर उपाय म्हणून एक नवी पद्धती रचली आणि जुलै १९९५ मध्ये ती सर्वांस खुली केली. हीच एसएसएच होय. टेलनेटसाठी २३ व फाइलींच्या देवघेवीसाठी २१ हे पोर्ट-क्रमांक पूर्वीच ठरलेले होते. इलोनेनने त्यांच्यामधला २२ हा रिकामा क्रमांक मागून घेतला. त्या वर्षाच्या अखेरीस या पद्धतीचे सुमारे २०,००० वापरकर्ते ५० देशांत पसरले होते. डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी तिची मुक्त आवृत्ती ‘ओपनएसएसएच’ या नावाने दिली, व जानेवारी २००६ मध्ये तिच्या दुसऱ्या पिढीचे नियम प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले.

या पद्धतीचे मर्म असे की, तीत ओळख दोन्ही बाजूंनी पटवावी लागते. प्रत्येक बाजूपाशी किल्ल्यांची एक जोडी असते : गुप्त किल्ली स्वतःजवळ राहते, सार्वजनिक किल्ली दुसऱ्यास देता येते. सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीने सही करून आपण तोच असल्याचे दाखवितो. आपणही तसेच करतो. मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. शिक्क्याने पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबाने मजकूर येथे संपला, पुढे कोणी ओळ घुसडलेली नाही, हे कळे. एसएसएच हीच दोन्ही कामे गणिताच्या आधाराने करते, व शिवाय पत्र लखोट्यात बंद ठेवते.

गिटचा जन्म यानंतरचा, एप्रिल २००५ मधला. लिनक्सच्या विकासकांस ‘बिटकीपर’ ही प्रणाली विनामूल्य वापरण्याची दिलेली सवलत काढून घेण्यात आली, तेव्हा लायनस टॉर्वाल्ड्स याने काही दिवसांतच गिटची पहिली आवृत्ती लिहिली. तिने दूरच्या भांडाराशी बोलण्यासाठी स्वतःची नवी ओळखपद्धती निर्माण न करता तयार असलेल्या एसएसएचचा आश्रय घेतला. यामुळे गिट वापरणाऱ्यास जी अडचण गिटची वाटते, ती बहुधा गिटची नसतेच. ती त्याखालच्या एसएसएचची, किंवा त्याच्याही खालच्या जाळ्याची असते.

(३)

संपर्क जुळण्यापूर्वी ज्या पायऱ्या ओलांडाव्या लागतात, त्या साधारणतः सहा आहेत : नाव, वाट, बोली, यजमानाची ओळख, आपली ओळख आणि अधिकार. संपर्क तुटला असता पडद्यावर येणारे वाक्य यांपैकी एका पायरीकडे बोट दाखविते. ते वाचून न पाहता उपाय शोधणे म्हणजे कागद न पाहता त्याचा काल ठरविण्यासारखे आहे.

नावाच्या पायरीवरील बिघाडाचे वाक्य ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम’ असे येते. इ. स. १९८३ पर्यंत जाळ्यावरील सर्व यंत्रांची नावे व पत्ते एकाच यादीत असत व ती यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. त्या वर्षी पॉल मोकापेट्रिस याने वाटून दिलेल्या नामव्यवस्थेची योजना मांडली, तीच आज डीएनएस म्हणून चालू आहे. हे वाक्य दिसल्यास भांडाराच्या पत्त्यातील अक्षरे तपासावीत, आणि आपण स्वतःच्या सोयीसाठी एखादे टोपणनाव लिहून ठेवले असेल तर ते कोणत्या ठिकाणास लागू होते तेही पाहावे. भोकरदनच्या प्रकाराप्रमाणे येथे कधीकधी नाव मिळते, परंतु भलत्या ठिकाणाकडे नेते. त्या वेळी हे वाक्य न दिसता पुढील पायऱ्यांवर विचित्र दोष दिसू लागतात.

वाटेच्या पायरीवर दोन वाक्ये येतात आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पलीकडून उत्तर आले, परंतु ते दार बंद असल्याचे आले. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे काहीच उत्तर आले नाही. निरोप वाटेत कोठेतरी अडला. जालना जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या संगणककक्षात प्रस्तुत लेखकाने पाहिलेले उदाहरण येथे देण्याजोगे आहे. तेथील एका विद्यार्थ्यास सतत दुसरे वाक्य दिसत होते. त्याने एका आठवड्यात पाच वेळा नवी किल्ली तयार केली. वस्तुतः त्या कक्षातून बाहेर जाणारा २२ क्रमांकाचा पोर्टच बंद ठेवलेला होता. किल्ली तपासण्याची पाळीच कधी आली नव्हती. गिटहबसारख्या संस्था याच कारणास्तव ४४३ या क्रमांकावरूनही एसएसएचची सोय ठेवतात. एका निराळ्या पत्त्याची नोंद केल्यावर त्याचे काम पाच मिनिटांत सुरू झाले. वाट संपूर्णच बंद होण्याचेही प्रसंग येतात. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट सेवा काही तास स्थगित झाली होती. अशा वेळी किल्ल्यांत किंवा पत्त्यांत फेरफार करणे हे नसत्या ठिकाणी खणण्यासारखे आहे.

तिसरी पायरी बोलीची. दोन्ही टोकांस समजेल अशी गणिती पद्धती ठरावी लागते. ती न ठरल्यास ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड’ यासारखे वाक्य येते. या वाक्यामागे काळाचा हात असतो. डीएसए जातीच्या किल्ल्या ओपनएसएसएचने ऑगस्ट २०१५ मध्ये स्वतःहून स्वीकारणे थांबविले. एसएचए-१ या ठसापद्धतीवर २००५ पासून आघात होत होते व २०१७ मध्ये एकाच ठशाची दोन भिन्न कागदपत्रे प्रत्यक्ष तयार करून दाखविण्यात आली. त्यानंतर सप्टेंबर २०२१ मधील ओपनएसएसएचच्या ८.८ आवृत्तीने त्या पद्धतीने केलेल्या आरएसए सह्या नाकारण्यास प्रारंभ केला. गिटहबने ता. १५ मार्च २०२२ पासून डीएसए किल्ल्या बंद केल्या. काल चालणारी किल्ली आज चालेनाशी झाली, याचा अर्थ ती हरवली वा बिघडली असा नसून तिचे चलन रद्द झाले, असा असू शकतो. जुनी पद्धती पुन्हा सुरू करण्याचा जो पर्याय मिळतो, तो तात्पुरता समजावा. कायमचा उपाय दुबळ्या बाजूस नवी आवृत्ती बसविणे हाच होय.

चौथ्या पायरीचा विचार स्वतंत्रपणे पुढे केला आहे. पाचवी पायरी आपल्या ओळखीची. ‘परमिशन डिनाइड, पब्लिक की’ हे वाक्य बहुतेक विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असते. याची कारणे मोजकी आहेत : सार्वजनिक किल्ली पलीकडे नोंदविलेली नसणे, अनेक किल्ल्यांपैकी भलतीच पुढे केली जाणे, ‘गिट’ या ठरीव नावाऐवजी स्वतःचे नाव लिहून दार ठोठावणे, किंवा गुप्त किल्लीची फाइल इतरांस वाचता येईल अशा स्थितीत असणे. शेवटच्या प्रसंगी एसएसएच ती किल्ली वापरण्याचेच नाकारते, आणि ते योग्यच आहे. कधी दोष किल्लीच्या जन्मातच असतो. डेबियन प्रणालीत २००६ मध्ये झालेल्या एका चुकीच्या दुरुस्तीमुळे तेथे तयार होणाऱ्या किल्ल्या यदृच्छ राहिल्या नाहीत. एका जातीच्या व आकाराच्या अवघ्या ३२,७६७ किल्ल्या संभवत होत्या. ही गोष्ट मे २००८ मध्ये ल्युसियानो बेल्लो याने उघडकीस आणली, तोपर्यंत जवळजवळ दोन वर्षे असा संपर्क निर्वेधपणे जुळत होता. यावरून एक मर्मग्राही निष्कर्ष निघतो : संपर्क जुळणे हा तो सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे, आणि न जुळणे हा नेहमी दोषच असतो असे नव्हे.

सहावी पायरी अधिकाराची. ओळख पटूनही ‘रिपॉझिटरी नॉट फाउंड’ असे उत्तर येते, तेव्हा भांडार नाहीसे झाले असे समजून घाबरण्याचे कारण नाही. ज्यास पाहण्याचा अधिकार नाही त्यास भांडार आहे एवढेही कळू नये, म्हणून असे उत्तर देण्याची प्रथा आहे. एकाच मनुष्याची दोन खाती असली, म्हणजे हा प्रकार विशेष घडतो.

या सर्वांचे निदान करण्यास एक अस्सल साधन उपलब्ध आहे. एसएसएचच्या आज्ञेस ‘व्ही’ हे अक्षर जोडले असता प्रत्येक पायरीची नोंद घडेल त्या क्रमाने पडद्यावर येते. विद्यार्थी जेव्हा ‘काहीच चालत नाही’ असे सांगतो, तेव्हा ती बखर असते. ही नोंद म्हणजे समकालीन रोजनिशी होय. दोहोंत विरोध आला असता कोणावर भिस्त ठेवावयाची, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

(४)

आता चौथी पायरी, म्हणजे यजमानाची ओळख. आपण एखाद्या सर्व्हरशी प्रथम बोलतो, तेव्हा त्याच्या किल्लीचा ठसा दाखवून हा खरा मानावा काय, असे एसएसएच विचारते. होकार दिल्यावर ती किल्ली ‘नोन होस्ट्स’ नावाच्या फाइलीत नोंदली जाते व पुढे प्रत्येक वेळी तिच्याशी ताडून पाहिली जाते. किल्ली बदललेली आढळल्यास मोठ्या अक्षरांत इशारा येतो व संपर्क थांबतो. येथे घाईचा घातक उपाय असा की, त्या फाइलीतील ओळ पुसून टाकावी आणि पुढे जावे. किंवा याहून वाईट म्हणजे ही तपासणीच कायमची बंद करावी.

ता. २४ मार्च २०२३ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास, हा इशारा असंख्य लोकांस एकाच वेळी दिसला. गिटहबची आरएसए जातीची गुप्त यजमान-किल्ली काही काळ एका सार्वजनिक भांडारात उघडी पडली होती. तिचा दुरुपयोग झाल्याचे दिसत नव्हते. तथापि सावधगिरी म्हणून संस्थेने ती बदलली. इतर दोन जातींच्या किल्ल्या वापरणाऱ्यांस काही जाणवले नाही; आरएसए वापरणाऱ्यांचे काम मात्र थांबले. संस्थेने कारण व नव्या किल्लीचा ठसा आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केला.

या दिवशी दोन प्रकारचे लोक सारखीच कृती करताना दिसले असते. दोघांनीही जुनी ओळ पुसली व नवी स्वीकारली. एकाने नवा ठसा प्रसिद्ध केलेल्या ठशाशी अक्षरशः ताडून पाहिला. दुसऱ्याने इशाऱ्यास कटकट समजून तो बाजूस सारला. त्या दिवशी दोघांचेही काम सुरळीत झाले. परंतु ज्याच्या हाती ती उघडी पडलेली किल्ली लागली असती, तो गिटहबचे सोंग घेऊन मधल्या वाटेवर बसू शकला असता. ते सोंग ओळखण्याचे साधन दुसऱ्याने आपल्या हातांनी मोडले होते. बनावट शिक्क्याचे पत्र आले असता जुन्या अस्सल पत्रांशी ताडून पाहणे हीच शहानिशा असते. त्याऐवजी दप्तरातील जुनी पत्रेच जाळली, तर शिक्का जुळत नाही ही तक्रार उरत नाही, हे खरे. पण त्यानंतर कोणतेही पत्र अस्सलच ठरते. शहानिशेची वाट एसएसएचच्या बाहेरून जावयास हवी, हे विशेष ध्यानात घ्यावे. ठसा प्रसिद्ध केलेल्या पानावरून पाहावा. विभागाचा स्वतःचा सर्व्हर असेल, तर तो सांभाळणाऱ्यास दूरध्वनीवर विचारावा. ज्याच्याविषयी शंका आहे, त्यालाच त्याची ओळख विचारण्यात अर्थ नाही.

(५)

घाई का केली जाते, हा शेवटचा प्रश्न. प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आलेली असते, मार्गदर्शक वाट पाहात असतात, आणि पडद्यावरील वाक्य हा केवळ अडथळा वाटतो. या मनःस्थितीविषयी सहानुभूती बाळगूनही असे म्हणावेसे वाटते की, गिटच्या रचनेचा विसर पडल्यामुळे ही घाई उद्भवते. गिटमध्ये दूरचे भांडार मुख्य व आपले दुय्यम असा भेद मुळात नाही. आपल्या संगणकावर भांडाराची प्रत घेतली, की तिच्यासोबत तोवरचा संपूर्ण इतिहास येतो. प्रत्येक नोंदीचे नाव तिच्या मजकुरावरून व मागील नोंदीच्या नावावरून गणिताने काढलेले असते. त्यामुळे मागाहून केलेला फेरफार लपत नाही. संपर्क तुटला, तरी नोंदी करणे, जुन्या नोंदी पाहणे, शाखा काढणे ही कामे चालू राहतात. निकडच असेल, तर ‘बंडल’ या आज्ञेने नव्या नोंदींची एक फाइल तयार करून ती पेनड्राइव्हवर घालून जालन्याहून विद्यापीठात हातोहात पोहोचविता येते. फेब्रुवारी २०२४ सारख्या दिवशी जुन्या काळच्या जासुदाचे काम एसटीने जाणारा विद्यार्थी करू शकतो.

असईस वेलस्लीपुढे शत्रू सहा मैलांवर होता व त्याने थांबावयाचे नाही असे ठरविले. त्याचा निर्णय योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद संभवतात. परंतु निर्णय तत्काळ घ्यावयास हवा होता, ही त्याची अडचण खरी होती. आपल्या विद्यार्थ्यापुढे अशी अडचण नसते. त्याचे साहित्य त्याच्याजवळ सुरक्षित असते आणि एक दिवस थांबल्याने त्यातील एक ओळही नाहीशी होत नाही. उलट, न ताडता स्वीकारलेल्या एका किल्लीमुळे त्याची अप्रकाशित लिप्यंतरे परक्याच्या हाती जाऊ शकतात, आणि पुढे त्याच्या नावाने मिळालेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येणे अवघड होते.

साधनांचे परीक्षण करावयास आपण आपल्या विद्यार्थ्यांस पहिल्या वर्षापासून शिकवितो. कागद कोणाचा, कोठून आला, कोणाच्या हातून आला, हे प्रश्न त्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. तेच प्रश्न पडद्यावरील इशाऱ्यासही विचारावयाचे असतात, एवढेच त्यांस सांगणे आहे. संपर्क तुटल्याची सूचना आली असता ती आधी शेवटपर्यंत वाचावी, कोणत्या पायरीची आहे ते ठरवावे, आणि चौथ्या पायरीची असेल तर नवा ठसा बाहेरून ताडून पाहिल्यावाचून जुनी ओळ पुसू नये.